डोकं आत, पाय दाराकडे

१

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरची भट्टी आतून फुटली आणि माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा गेला.

मी बाहेर नोंदणीच्या खिडकीवर होते. सत्तावीस वर्षं मी या दहनगृहात अर्ज घेते, शिक्के मारते आणि रडणाऱ्या लोकांना सही कुठे करायची ते बोटाने दाखवते. भट्टीचा आवाज माझ्या कानाला सवयीचा आहे. हा आवाज निराळा होता. खिडकीची काच थरथरली, शाईचा पॅड खाली पडला आणि आतून भाऊ ओरडला. लहानपणी जिन्यावरून पडला होता तेव्हा तो असाच ओरडला होता, म्हणून मी चप्पल न घालताच पळाले.

आतलं जळण बघण्यासाठी भट्टीच्या दारात एक जाड काच असते. ती फुटून त्याच्या गालात, कपाळात, डोळ्यांत घुसली होती. तो गुडघ्यांवर बसला होता, चेहरा दोन्ही हातांत, आणि रक्त बोटांमधून कोपरापर्यंत आलं होतं. फुटलेल्या भोकातून हातभर जाळ बाहेर येत होता. मी त्याला बखोटीला धरून मागे ओढलं आणि भोकावर लोखंडी झाकण ढकललं. एकदा पेटलेली भट्टी मधेच थांबवायची नाही, असा नियम आहे. तो मी त्याही वेळी पाळला, आणि आत जे काय होतं ते शेवटपर्यंत जळू दिलं. त्याचा पुढे मला फार पश्चात्ताप झाला.

"ताई," भाऊ म्हणाला, "काठी वाजली नव्हती. आईशपथ, वाजली नव्हती."

काठी म्हणजे धातू शोधायचं यंत्र. काही माणसांच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर बसवलेला असतो. तो आगीत गेला की फुटतो. म्हणून अर्जात त्याचा वेगळा रकाना आहे, आणि मयताची पेटी आत ढकलण्याआधी भट्टीवाल्याने छातीवरून काठी फिरवायची असते. पेटीत एक लोखंडी खिळासुद्धा चालत नाही, त्यामुळे काठी वाजली तर कशामुळे, हा प्रश्नच उरत नाही.

भट्टी थंड व्हायला संध्याकाळचे पाच वाजले. राखेचा ट्रे ओढला तेव्हा त्यात पेसमेकरचे वितळलेले तुकडे निघाले. ते अपेक्षितच होतं. पण ट्रे नेहमीच्या दीडपट भरला होता. आमच्या बदली भट्टीवाल्याने चिमट्याने राख बाजूला केली आणि चिमटा तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

माणसाला खालचा जबडा एकच असतो. ट्रेमध्ये दोन होते.

२

तपासाला आलेले इन्स्पेक्टर इतके बारीक होते की आमच्या शववाहिकेच्या ड्रायव्हरने पाच मिनिटांत त्यांचं नाव टाचणी ठेवलं. बोलायचेही तसंच, हळूच पण नेमकं टोचेल असं.

"बाई, सरळ हिशोब आहे," ते म्हणाले. "पेटीत एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा होता. झाकण उघडून, फोटोशी तोंड ताडून तुमच्या भावानेच सही केलीय. म्हणजे पेटीत तोच होता. भट्टीतून निघाले दोघं. मग दुसरा आत कुणी टाकला? भट्टीघराची किल्ली कुणाकडे असते?"

"भावाकडे."

"सकाळी सहाला उघडतो कोण?"

"तोच. पण साहेब, स्वतः टाकलेल्या माणसाच्या छातीत काय आहे हे माहीत असतं तर तो काचेला डोळा लावून उभा राहिला असता का?"

"माहीत नव्हतं, म्हणूनच तर डोळा गेला. मारामारीपायी दोनदा निलंबित झालाय ना तो?"

झाला होता. माझा भाऊ तापट आहे, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. एकदा त्याने मयताच्या खिशात हात घालणाऱ्या माणसाचं नाक फोडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

"उजव्या डोळ्यातही काचेचा कण आहे," मी म्हटलं. "डोळ्यांचे डॉक्टर शुक्रवारी चारला ऑपरेशन करणार आहेत. नाही झालं तर तोही जाईल."

"शुक्रवारी बाराला मी त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात हलवतोय."

"तिथे डोळ्यांचा डॉक्टर नाही."

"नाही," टाचणी म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून उठले. त्यांना उलट्या काळजाचं म्हणता येणार नाही, पण वरून हुकूम होता आणि त्यांच्या हातात दुसरं नाव नव्हतं.

गुरुवारी सकाळचे दहा वाजले होते. माझ्याकडे सव्वीस तास होते.

३

मी पोलीस नाही. मला येतं ते एकच, अर्ज वाचायला. म्हणून आधी म्हाताऱ्याची फाइल काढली.

म्हातारा घड्याळजी होता. मंगळवारी पहाटे घरीच गेला, वयाने. सोबत कुटुंबाच्या डॉक्टरांचा दाखला होता. चोवीस तास थांबायचा नियम, म्हणून दहन बुधवारी. अर्जदार त्याचा जावई, धंद्याने सुतार, आणि पेटी त्याने स्वतः बनवलेली. रक्ताचं माणूस हजर नसेल तर कारण लिहावं लागतं. त्याने लिहिलं होतं, 'पत्नी आजारी, घरी अंथरुणात. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे.' पेटीची उंची बावीस इंच. चोवीसपर्यंत चालते, पण बहुतेक पेट्या सोळाच्या असतात, आणि हा घड्याळजी दाराच्या फटीतून गेला असता इतका बारीक होता. बुधवारी मी हा आकडा लिहून घेतला आणि पुढचा अर्ज घेतला. सत्तावीस वर्षांत माणूस असाच बोथट होतो.

खिडकीवर काय काय बघायला मिळतं ते सांगते. 'मयताचं नाव' या रकान्यात शंभरातली नव्वद माणसं आधी स्वतःचं नाव लिहितात. मोठमोठे साहेबही लिहितात. मनात जे घोळत असतं ते हातातून उतरतं. मग ते ओशाळतात आणि मी दुसरा अर्ज देते. अर्जांवर छापील क्रमांक असतात, त्यामुळे बिघडलेला अर्ज फेकता येत नाही. त्यावर लाल रेघ मारून मी तो 'रद्द' लिहिलेल्या फाइलीत लावते, वाचत कधीच नाही.

लोक विचारतात तरी काय काय. एकाने विचारलं होतं, चष्मा चालेल का, वडिलांना त्याशिवाय दिसत नाही. तीन आठवड्यांपूर्वी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून एक बाई आली होती. वडील आजारी आहेत, अर्ज आधी मिळेल का, म्हणाली. नाही मिळत, मी म्हटलं. मग विचारलं, ते गेल्यावर सगळे कागद हातात यायला किती दिवस? तीन, मी म्हटलं. 'तीन,' ती स्वतःशीच म्हणाली, जणू बोटांवर मोजून बघत होती. जाताना भिंतीवरचा नमुना वाचत थांबली आणि पेसमेकरच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, 'हे आधी काढतात ना? तेव्हा दुखत नाही ना?' मागे रांग होती. 'मेलेल्याला काय दुखणार, बाई,' मी म्हटलं, 'पुढचं कोण?'

अशी माझी जीभ आहे. तेव्हा वाईट वाटलं नाही, आता वाटतं.

फाइल बंद केली आणि डॉक्टरांना गाठायला निघाले.

४

डॉक्टर म्हातारे होते आणि घाबरलेले होते. माझ्यासमोर त्यांनी तीनदा चष्मा पुसला.

"घड्याळजीच्या छातीत काही नव्हतं. पंधरा वर्षं मी तपासतोय त्यांना. माझं नाव यात ओढू नका."

"ओढत नाही. मंगळवारी किती वाजता गेलात?"

"आठला. मुलगी उशाशी बसली होती. सेहेचाळीस-सत्तेचाळीसची असेल. चांगली शांत होती. मला दारापर्यंत सोडायला आली, आभार मानले."

"तिला झोपेची गोळी कशाला दिलीत मग?"

"गोळी?" डॉक्टर म्हणाले. "मी कुणालाच काही दिलं नाही. ती माझी पेशंटही नव्हे. तिचे उपचार दुसरीकडे कुठेतरी चालत."

कसले उपचार ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिथून मी शववाहिकेकडे गेले. ड्रायव्हर गाडीच्या पायरीवर कमरेला पट्टा बांधून बसला होता आणि उठताना त्याने माझा खांदा धरला.

"काय हे, दादा?"

"बुधवारपासून कंबर धरलीय, ताई. त्या पेटीने जीव घेतला माझा."

"पुढे धरली होती का?"

"छे हो. मी कधी पुढे धरतो? वीस वर्षं पायाकडेच. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाने पायाकडची बाजू घ्यावी, ती हलकी." तो हसला आणि हसल्यामुळे पुन्हा कळवळला. "एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जावई. डोक्याकडे दोन शेजारी. ते दोघं टुणटुणीत राहिले आणि मी आडवा झालो. वय झालं माझं, दुसरं काय."

"वाटेत गाडी कुठे थांबली?"

"कुठेच नाही. टाचणीनेही हेच विचारलं. घरून निघालो ते थेट इथे. जावई मागे पेटीजवळ बसला होता, पेटीवर हात ठेवून. मला म्हणाला, हळू घ्या, आत हलायला नको. मी म्हटलं, काय माया आहे माणसाची."

मी त्याला पाणी दिलं. माझ्या डोक्यात काहीतरी टोचत होतं, पण हाताला लागत नव्हतं. ते भट्टीघरात लागलं.

५

दोन नंबरच्या भट्टीत दिवा सोडून बदली भट्टीवाला विटा बघत होता.

"मागची भिंत ठणठणीत आहे, ताई," तो म्हणाला. "जे फुटलंय ते सगळं दाराजवळ. डावीउजवीकडच्या विटा, दाराची काच. म्हणून तर तुमच्या भावाला एवढं लागलं. मागे फुटला असता तर त्याला नुसता आवाज आला असता."

मी भट्टीच्या वरची पाटी वाचली. सत्तावीस वर्षं ती तिथे आहे आणि मी कधी वाचली नव्हती. 'डोकं आत, पाय दाराकडे.'

मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले. पेटी आत गेली तेव्हा म्हाताऱ्याची छाती भट्टीच्या मागच्या भागात होती आणि दाराकडे त्याचे पाय होते. पेसमेकर मात्र दाराजवळ फुटला. म्हणजे दाराजवळ कुणाची तरी छाती होती. दुसरा माणूस उलटा होता, म्हाताऱ्याच्या पायांकडे डोकं करून. भावाने काठी नियमाप्रमाणे छातीवरून फिरवली, पायांवरून कशाला फिरवील? ती वाजणार कशी?

आणि उलटा का? भट्टीत घाईने टाकलेला माणूस कसाही पडतो. असा नीट उलटा, म्हाताऱ्याच्या खाली, बावीस इंची पेटीत, मधे फळी घालून, हे बसवलेलं काम होतं. दोघांची डोकी एका बाजूला आली असती तर पुढचे दोन शेजारी चार पावलांवर म्हणाले असते, की हा काडीचा म्हातारा एवढा जड कसा. वजन दोन्ही टोकांना सारखं वाटून दिलं तर कुणालाच फार कळत नाही. कळलं फक्त एकाला, ज्याला पायाकडची बाजू हलकीच असते हे वीस वर्षं ठाऊक होतं. त्याने ते आपल्या वयावर ढकललं.

दुसरं माणूस घरातूनच पेटीत आलं होतं. माझा भाऊ सुटला होता, निदान माझ्या मनात तरी.

टाचणींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण कोर्टात मी ड्रायव्हरची कंबर उभी करू का? मेलं कोण ते सांगा, बाई. हरवल्याची एकही तक्रार नाही."

६

जावयाची कार्यशाळा घराच्या तळमजल्यावर होती. राखेची पावती द्यायचं निमित्त करून मी दुपारी तीनला गेले. बाहेर भरपूर वर्दळ होती, म्हणून भीती वाटली नाही.

माणूस रुंद खांद्यांचा, मऊ आवाजाचा. "बसा ना," म्हणाला आणि स्टूल पुसून दिलं. जमिनीवर ताजा भुसा होता, सगळीकडे सारखा पसरलेला. काम करताना पडलेला भुसा टेबलाखाली जास्त असतो. इथे तो कोपऱ्यांपर्यंत होता.

"बाईंची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"ती मावशीकडे गेलीय. मंगळवारी संध्याकाळीच गेली. इथे राहवेना तिला."

बुधवारी सकाळी हाच माणूस माझ्यासमोर 'पत्नी घरी अंथरुणात' लिहून गेला होता. मी मान हलवली.

तो पुन्हा कामाला लागला. भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा पेन्सिलने आखलेली होती, करवतीच्या जागी करवत, रंध्याच्या जागी रंधा. एकच आकृती रिकामी होती, लांब दांडा आणि वर चौकोनी डोकं. आणि तो लाकूड कोरायच्या पटाशीवर लोखंडी हातोडा मारत होता. माझे वडील सुतार होते. पटाशीला लाकडी हातोडाच लागतो, लोखंडाने मूठ फुटते. लोखंडी हातोडा मारणाऱ्या मुलाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. याचा लाकडी हातोडा कुठे गेला ते मला कळलं. लाकूड आगीत मागे काही ठेवत नाही.

पावती देताना माझं लक्ष वरच्या फोटोकडे गेलं. घड्याळजी खुर्चीत बसलेला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली त्याची मुलगी, पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजमध्ये.

तीच, खिडकीवरची.

 त्याने पावती घेतली, पण माझा हात सोडला नाही. बोटं एकमेकांवर घासतील इतका घट्ट धरला.

"तुमचा भाऊ वाचेल ना हो?" तो म्हणाला. "बिचारा. किती दिवसांनी बाहेर येईल, काही अंदाज?"

७

रस्त्यावर आल्यावर मी एका भिंतीला टेकले. 

खून झाला होता, कुणी केला ते कळलं होतं, कुणाचा झाला तेही कळलं होतं. हातात मात्र राख होती. टाचणी मावशीकडे माणूस पाठवतील, तो दोन दिवसांनी परत येईल, तोवर माझ्या भावाच्या उजव्या डोळ्यात अंधार झालेला असेल.

कार्यालयात येऊन मी जावयाचा अर्ज पुन्हा काढला. स्वच्छ होता, एक खाडाखोड नव्हती. आणि मग मला त्याचा छापील क्रमांक दिसला. त्याच्या आधीचा क्रमांक कुठे होता?

आठवलं. बुधवारी तो अर्ज भरत होता. अर्ध्यावर थांबून तो म्हणाला, 'चुकलं, दुसरा द्या.' पहिला अर्ज फाडून त्याने खिशात घालायला घेतला आणि मी सवयीने ओरडले, 'तो इकडे द्या, क्रमांकाचा आहे.' चार तुकडे झाले होते. मी ते चिकटपट्टीने जोडले, लाल रेघ मारली आणि न वाचता लावून टाकले.

मी 'रद्द' फाइल उघडली.

मयताचं नाव बरोबर होतं, घड्याळजीचं. समोरच्या दाखल्यावरून बघून लिहिलेलं. त्याखालचं दाखला न बघता, आपल्या आपण लिहिलेलं होतं.

लिंग: स्त्री.

वय: ४६.

शरीरात बसवलेलं यंत्र: होय.

८

शुक्रवारी सकाळी दहाला जावई राख न्यायला आला. राख अर्जदारालाच मिळते, त्याला यावंच लागतं. टाचणी माझ्यामागे कपाटाआड उभे होते आणि दोन हवालदार बाहेरच्या बाकावर नातेवाइकांसारखे बसले होते.

"एवढ्यावर कसं धरू?" टाचणी आधी म्हणाले होते. "वकील म्हणेल, दुःखात चुकलं."

"म्हणेल. म्हणून त्यालाच बोलू दे."

मी खिडकीच्या फटीतून राखेची पिशवी पुढे सरकवली. "जरा जड आहे. दोघांची आहे ना."

त्याने पिशवीला हात लावला नाही.

मग मी चिकटपट्टी लावलेला अर्ज काचेला लावला. "इथे लोक मनातल्या माणसाचं लिहितात. तुमच्या मनात कोण होतं ते तुम्हीच लिहून दिलंत. छातीतलं यंत्र तुम्हाला माहीत होतं, पण ते आगीत फुटतं हे दुसरा अर्ज भरताना रकान्याखालच्या बारीक अक्षरात वाचलंत. तेव्हा पेटी दारात आली होती. परत नेता येत नव्हती. तुम्ही 'नाही' लिहिलंत आणि माझ्या भावाला त्या काचेसमोर उभं राहू दिलंत."

त्याचा चेहरा तसाच मऊ राहिला. पण हात आला तो मी बघितलाच नाही. फटीतून हात घालून त्याने माझे केस धरले आणि माझं डोकं काचेवर आपटलं. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा काच तडकली आणि माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं.

"तीन दिवस," तो दात खाऊन म्हणत होता. "म्हणाली, बाबांसाठीच थांबले होते. आता तीन दिवसांत कागद मिळतात, मग मी जाते. तीन दिवस. बॅग भरून ठेवली होती तिने. मला सांगते, तीन दिवस."

प्रत्येक 'तीन'ला त्याने माझं डोकं ओढलं. कपाटाआडून टाचणी धावले, पण टेबल मधे होतं. माझ्या उजव्या हाताला तारखेचा शिक्का लागला, जुना, लोखंडी, दीड किलोचा. तो मी उचलला आणि फटीत अडकलेल्या त्याच्या हातावर घातला. पहिल्याच घावाला त्याने केस सोडले. तरी मी पुन्हा घातला, आणि पुन्हा. हाडं मोडल्याचं मला हाताला कळलं. थांबायची इच्छा नव्हती. टाचणींनी माझं मनगट धरलं तेव्हा थांबले.

हवालदारांनी त्याला खाली पाडून बेड्या घातल्या. सुजलेल्या हातावर, रक्ताखाली, त्या दिवसाची तारीख निळी उमटली होती.

"सगळं ऐकलं, बाई," टाचणी म्हणाले.  मग त्यांनी घड्याळ बघितलं, साडेदहा झाले होते, आणि माझ्याच टेबलावरच्या फोनवरून भावाच्या दवाखान्याच्या दारातला पोलिसांचा पहारा उठवला.

९

ऑपरेशन चारला झालं. उजवा डोळा राहिला.

पोलिसांनी कार्यशाळेतला भुसा झाडला तेव्हा खालच्या फरशांच्या सांध्यांमध्ये रक्त सापडलं. जिन्याखाली तिची बॅग होती. तिच्यात कपडे, पेसमेकरचं कार्ड आणि एक कागद होता, आमच्याकडच्या नमुन्यावरून हाताने उतरवलेला, सगळ्या रकान्यांसकट. वडिलांचा अर्ज चुकू नये म्हणून तिने तो आधी लिहून बघितला होता.

दहा दिवसांनी भाऊ कामावर आला, म्हणजे नुसता येऊन माझ्याजवळ बसला, एका डोळ्यावर पट्टी लावून. पिशवी अजून कपाटात होती. दोघांची राख वेगळी करता येत नाही. त्यामुळे तिचा दहनाचा दाखला निघाला नव्हता, आणि दाखला नाही म्हणजे कागदावर ती मेलीच नव्हती. मावशी खरोखरच होती, पण फार म्हातारी, तिला प्रवास झेपत नव्हता. नियम आहे की कुणीच नसेल तर नोंदणी कारकुनाने अर्जदार व्हावं. सत्तावीस वर्षांत ती वेळ माझ्यावर आली नव्हती.

"किती दिवस लागतात म्हणून विचारायला आली होती," मी भावाला म्हटलं. "मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही रे. उन्हात पूर्ण बाह्या घातल्या होत्या. मी विचारलं असतं तर?"

"रांग होती तुझ्यासमोर."

"रांग रोजच असते."

 मी नवा अर्ज घेतला, पेन घेतलं आणि लिहायला लागले. भाऊ एका डोळ्याने वाकून बघत होता. थोड्या वेळाने त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ताई. बघ काय लिहिलंस."

मयताच्या नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

 मी त्या अर्जावर लाल रेघ मारली, तो 'रद्द' फाइलीत लावला आणि दुसरा अर्ज घेतला. या वेळी तिचं नाव लिहिलं, वय सेहेचाळीस. यंत्राच्या रकान्यात 'होय' लिहिलं. पुढे 'काढलं का?' असा प्रश्न असतो. तिथे 'नाही' लिहिलं, आणि मग मला रडू आलं. भाऊ उठला आणि त्याने खिडकीचं दार लावून घेतलं. बाहेर रांग होती, ती थांबली.